सेवेचा जमाखर्च

खामगावहून चिखलीच्या रस्त्याला लागले आणि घाट चढून वर आले की काही वेळाने उंद्री येते. उदयनगर हे नावही आता रुळले आहे, पण उंद्री हे जुने नाव सुटलेले नाही. बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलण्यातच करतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. उंद्री घाटावरची. या पट्ट्यात, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, गावोगाव हरिनाम सप्ताह बसतो आणि काल्याच्या कीर्तनाने उठतो. महाप्रसादाची भांडी घासून होतात, मंडप सुटतो आणि मग मंडळी हिशेबाला बसतात. पट्टी किती जमली, गहू किती पोती आला, मंडपवाल्याला काय दिले, आचाऱ्याचे किती राहिले, शिल्लक कोणाकडे ठेवायची, हे सगळे चारचौघांत वाचले जाते. एखादा आकडा जुळला नाही तर मागे बसलेला कोणीतरी टोकतो. त्याची भक्ती कमी पडली, असे कोणी म्हणत नाही.

त्याच मंदिरासमोर आरोग्य शिबिर होते तेव्हा चित्र पालटते. तपासण्या होतात, गोळ्या वाटल्या जातात, हारतुरे होतात, फोटो निघतात. इतके लोक आले, इतकी औषधे वाटली, यावर बातमी संपते. ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला त्यांच्यापैकी किती जणांचा वर्षभरानंतर आटोक्यात आहे, असे कोणी विचारले तर आयोजकांचा चेहरा पडतो. 'अहो, सेवेचा कुठे हिशेब ठेवायचा?'

पट्टीच्या पैशाचा हिशेब चालतो, मग सेवेच्या परिणामाचा का चालत नाही? गावपातळीवरच्या आरोग्य कार्यक्रमाचे मूल्यमापन हा विषय सहसा अधिकाऱ्यांच्या आणि संशोधकांच्या वहीत पडून राहतो. पण त्याला होणारा विरोध वहीतून येत नाही. तो आपल्या धर्मसंस्कारातून येतो. फळाकडे पाहू नये, दिलेले बोलून दाखवू नये, पुण्याचे माप काढू नये, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. म्हणून या प्रश्नाचे उत्तरही त्या संस्कारातच शोधले पाहिजे.

या जिल्ह्यात तर सेवा आणि अध्यात्म वेगळे काढताच येत नाहीत. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाचे शुकदास महाराज जितके प्रवचनासाठी तितकेच रुग्णसेवेसाठी ओळखले गेले. शेगावचे गजानन महाराज संस्थान दवाखाने चालवते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. इथल्या माणसाला दवाखाना आणि देऊळ ही एकाच रस्त्यावरची दोन ठिकाणे वाटतात. त्यामुळे 'सेवा मोजावी का' हा प्रश्न इथे जास्तच बोचतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला निष्काम कर्माचा उपदेश सर्वांना पाठ असतो. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. आयोजकांच्या त्या उत्तरामागे हाच श्लोक उभा असतो. पण गीता दुसऱ्या अध्यायात संपत नाही. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना ती एक अवघड गोष्ट सांगते. फळाची इच्छा न धरता केलेले नियत कर्म सात्त्विक, हे अपेक्षितच आहे. पण दोनच श्लोक पुढे तामस कर्माचे लक्षण येते: परिणाम काय होईल, नुकसान किती होईल, कोणाला इजा होईल आणि आपली कुवत किती, यातल्या कशाचाही विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म. म्हणजे फळाची हाव नसणे हा सत्त्वगुण, आणि परिणामाची पर्वा नसणे हा तमोगुण. दोन्ही दुरून सारखेच दिसतात. दोघांच्याही तोंडी 'आम्ही फळाकडे पाहत नाही' हेच वाक्य असते.

सतराव्या अध्यायात दानाचीही अशीच छाननी आहे. परतफेडीची आशा न ठेवता दिलेले दान सात्त्विक खरे, पण ते योग्य देशी, योग्य काळी आणि योग्य व्यक्तीला दिलेले असले पाहिजे. देश, काळ, पात्र. साथरोगशास्त्राच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना हेच तीन शब्द शिकवतात: आजार कोणाला झाला, कुठे झाला, केव्हा झाला. डेंग्यूची साथ शोधणारा आरोग्य कर्मचारी आणि सात्त्विक दाता एकच प्रश्नपत्रिका सोडवत असतात.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. फळ सोडणाऱ्याचे काम फळाला चिकटलेल्यापेक्षा सरस झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. फळाच्या चिंतनात जाणारी शक्ती कामाकडे वळते, हे त्यामागचे कारण. आता काम सरस झाले की नाही हे कळणार कसे? त्यासाठी कोणीतरी पाहायला हवे.

बुद्धाच्या विनयपिटकात एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला बुद्धाला दिसला. बुद्धाने आनंद या शिष्याच्या मदतीने त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि मग संघाला सुनावले की रुग्णाची सेवा हीच माझी सेवा. ही गोष्ट अनेकांना माहीत असते. तिच्या पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. तिथे चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत: त्याला औषध तयार करता आले पाहिजे, काय हितकर आणि काय अहितकर हे कळले पाहिजे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस धरू नये, आणि रुग्णाला धीर देणारे बोलावे. मैत्रीभाव हा पाचांतला एक गुण आहे. बाकीच्या चारांपैकी दोन तर सरळसरळ कौशल्याचे आहेत. मन चांगले असणे पुरेसे नाही, हे इतक्या जुन्या काळी लिहून ठेवलेले आहे.

इस्लाममध्ये जकात चाळिसावा हिस्सा, आणि ती कोणाला द्यायची याचे आठ वर्ग ठरलेले. मोजदाद आली म्हणून दानाचे पावित्र्य गेले, असे तिथेही कोणी मानत नाही.

एवढी पोथी झाल्यावर आता गावाकडे येऊ. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला येऊन राहिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले. त्यांची प्रेरणा उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेची होती. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, ही त्या श्रद्धेची शिकवण मराठीतही म्हणीसारखी रुळली आहे. तरीही या दोघांनी पहिल्यापासून मोजणी केली. १९७१ च्या सुमारास तिथे जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती, हा आकडा आजही जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत सांगितला जातो.

जामखेडचे पुढचे काम परिचित आहे. दुष्काळात लोकांनी औषधाआधी पाणी आणि अन्न मागितले, तेव्हा विहिरी, हातपंप आणि मुलांसाठी शिजवलेले अन्न हेच आरोग्याचे काम झाले. गावाने निवडलेल्या बायका, त्यांतल्या बऱ्याच निरक्षर आणि दलित, ग्राम आरोग्य सेविका झाल्या. जिला घराच्या उंबऱ्याबाहेर उभे केले जाई ती बाळंतिणीच्या खोलीत जाऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालवलेल्या आरोग्यकार्याचे नमुने पुस्तकात एकत्र केले, त्यात जामखेड होते. तीनच वर्षांनी अल्मा आटा येथे प्राथमिक आरोग्य सेवेची घोषणा झाली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथवर ही यशोगाथा आहे. खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. जामखेडच्या परिसरात बालमृत्यू कमी झाले, पण ते कोणामुळे? त्याच चार दशकांत एसटी गावोगाव पोचली, मुली शाळेत जाऊ लागल्या, सरकारी लसीकरण आले, मुंबई-पुण्याहून पैसे येऊ लागले. जामखेडचा प्रकल्प नसलेल्या गावांतही मुले जगू लागली होती. मग श्रेय किती आपले आणि किती काळाचे?

गीतेचा अठरावा अध्याय इथे पुन्हा हाताशी येतो. कोणतेही कर्म सिद्ध व्हायला पाच कारणे लागतात, असे तिथे म्हटले आहे: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. आणि जो या पाचांतून फक्त स्वतःला कर्ता समजतो त्याला नीट दिसतच नाही, असा शेरा लगेच पुढे आहे. मूल्यमापनाच्या शास्त्रातली सर्वांत कठीण अडचण हीच. कार्यक्रमाआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांच्यातला सगळा फरक आपल्या खात्यावर लिहिणे म्हणजे पाचांपैकी चार कारणे पुसून टाकणे.

म्हणून २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला जामखेडचा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात संशोधकांनी प्रकल्पातल्या गावांची तुलना प्रकल्प नसलेल्या गावांशी केली. महिला मुलाखतकारांनी घरोघरी जाऊन आयांना विचारले: किती मुले झाली, किती राहिली, गेली ती कोणत्या वयात. १९९२ ते २००७ अशा १५ वर्षांचा पट त्यातून उभा राहिला. निष्कर्ष असा की पहिला महिना ओलांडलेल्या मुलांचा पाच वर्षांच्या आत मरण्याचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता.

३० टक्के. १७६ वरून कितीतरी खाली आलेल्या आकड्यापुढे हे किरकोळ वाटते. भाषणात टाळी मोठ्या आकड्याला पडेल. पण मोठ्या आकड्यात एसटी, शाळा, सरकार आणि पाऊस सगळेच मिसळलेले आहेत, आणि या लहान आकड्यात चाळून उरलेले जामखेड आहे. कार्यक्रमाने स्वतःचा अहंकार बाजूला ठेवून परक्या गावाशी तुलना मान्य केली, म्हणून तो मिळाला. शिवाय त्याच अभ्यासाने जामखेडची मर्यादाही दाखवली: फरक दिसला तो पहिल्या महिन्यानंतर. जन्मानंतरचे पहिले २८ दिवस अजून बाकी होते.

त्या २८ दिवसांचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला शोधले गेले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात एक प्रयोग केला. ३९ गावांत आरोग्यदूत बाया घरी जाऊन नवजात बाळाला तपासत. वजन, श्वास, ऊब, अंगावर पिणे हे त्या पाहत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर घरातच उपचार करत. ४७ गावांत नेहमीचीच सरकारी सेवा सुरू राहिली. दोन्हीकडे जन्म आणि मृत्यू सारख्याच काटेकोरपणे नोंदवले गेले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी निघाला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि पुढे देशाच्या धोरणात शिरले.

पण त्या ४७ गावांचे काय? तिथल्या आईच्या जागी बसून पाहिले तर प्रश्न टोचल्याशिवाय राहत नाही. शेजारच्या गावात बाईच्या हाती उपचार आहे, आणि आपल्या गावात येणारा माणूस फक्त लिहून नेतो. हा अन्याय आहे का?

याला गुळगुळीत उत्तर नाही. प्रयोग सुरू झाला तेव्हा घरी, अल्पशिक्षित बाईच्या हातून नवजात बाळाचा संसर्ग बरा होऊ शकतो हे सिद्ध नव्हते. बाळाला इंजेक्शन देणारी गावची बाई म्हटल्यावर घाबरणारे डॉक्टर कमी नव्हते. तुलनेची गावे नसती तर हा वाद मतामतांचा राहिला असता आणि ती पद्धत गडचिरोलीबाहेर पडली नसती. दुसरीकडे, पद्धत लाभाची आहे हे कळल्यानंतरही केवळ आकडेवारी नेटकी व्हावी म्हणून तुलना लांबवणे हे पाप ठरले असते. संशयाचा काळ आणि खात्रीचा काळ यांतली रेघ प्रामाणिकपणे ओढणे ही तिथली नैतिक कसोटी. तीच रेघ उलट दिशेनेही लागू होते. परिणाम न तपासता तीच ती शिबिरे २० वर्षे घेत राहणारा माणूसही गावावर प्रयोगच करत असतो, फक्त निकाल लिहून ठेवत नाही.

मोजण्याचा आणखी एक अर्थ आहे, तो बारशाशी जोडलेला. आपल्याकडे बाळाचे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. नवजात बाळे सर्वांत जास्त जातात ती पहिल्याच आठवड्यात. म्हणजे अशी कितीतरी बाळे नावाशिवायच जातात. त्यांना पुरतात, अग्नी देत नाहीत. त्यांचे श्राद्ध होत नाही, भिंतीवर फोटो लागत नाही. घरातल्या बाया 'तिचं पहिलं गेलं' एवढेच बोलतात, तेही दबक्या आवाजात. ग्रामपंचायतीच्या नोंदीत तर अनेकदा जन्मही नसतो आणि मृत्यूही नसतो. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या संस्थांनी एकत्र येऊन 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला, तेव्हा प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे पुढे आले. त्यावर राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. ज्याला धर्माने विधी दिला नाही आणि सरकारने दाखला दिला नाही, अशा जीवाची दखल घेणारी एकमेव ओळ सर्वेक्षणाच्या तक्त्यात असते. त्या ओळीला कोरडी आकडेवारी म्हणणे जड जाते.

राणी बंग यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच जातीचा. गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया ८ टक्केच होत्या. अंगावरून जाणे, कंबर धरणे हे बाईच्या जन्मालाच पुजलेले, असे त्या समजून चालल्या होत्या. कारण कोणी विचारलेच नव्हते.

मोजण्याचे पापही याच देशाने पाहिले आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक सगळ्यांना कोटा होता. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. ते अमलात आले नाही, पण गावागावांत 'केस' हा शब्द माणसाला चिकटला तो कायमचा. कुटुंब नियोजनातली ही उद्दिष्टे केंद्राने अखेर १९९६ साली मागे घेतली. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या तोंडून 'टार्गेट' हा शब्द मात्र गेला नाही. त्या काळी आकडे भरपूर होते, मूल्यमापन नव्हते. किती शस्त्रक्रिया झाल्या हे रोज विचारले जाई. ज्याची झाली त्याची इच्छा होती का, नंतर तो कसा आहे, त्याच्या घरातली मुले जगली का, हे कोणीच विचारले नाही. गीतेच्या तामस कर्माच्या व्याख्येत क्षय आणि हिंसा हे दोन शब्द आहेत, त्यांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

उंद्रीच्या परिघात आता ही गोष्ट बसवून पाहू. सरकारी निकषाने सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५,००० ला एक उपकेंद्र आणि साधारण १,००० ला एक आशा. नमुना नोंदणीच्या २०२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ आणि अर्भक मृत्युदर हजारी १६. हे दर एका आरोग्य केंद्राच्या क्षेत्राला लावले तर वर्षाला सुमारे ४५० जन्म आणि सातेक अर्भकमृत्यू येतात. सातांचे पाच झाले तर कागदावर जवळपास ३० टक्के घट दिसेल आणि सत्कार होईल. पुढच्या वर्षी नऊ झाले तर कारणे दाखवा नोटीस निघेल. प्रत्यक्षात दोन्ही वर्षी काम तेच असू शकते. राज्याला दर शोभतो, गावाला तो फसवतो. गावात सात म्हणजे सात घरे. त्या प्रत्येक घरी जाऊन काय झाले हे विचारण्याइतकी ही संख्या लहान आहे. दुखणे केव्हा लक्षात आले, गाडी केव्हा मिळाली, चिखलीला की खामगावला नेले, तिथून पुढे कुठे पाठवले, वाटेत किती वेळ गेला, एवढे कळले तरी पुष्कळ.

जिल्ह्याच्या सरासरीचेही तेच. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराने गावे हवालदिल आहेत. घाटावर दुखणे वेगळे आहे. बुलडाणा जिल्ह्याचा एक आकडा काढला की दोन्ही पुसले जातात.

मग हे विचारायचे कोणी, आणि उत्तर ऐकवायचे कोणाला? २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस पुंजक्यांनी गळू लागले. पहिल्यांदा ते गावकऱ्यांच्याच लक्षात आले. मग आरोग्य विभाग आला, आयसीएमआरचे पथक आले, पाणी, रक्त, केस यांचे नमुने गेले. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः अभ्यास करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. यातला आरोग्यशास्त्राचा वाद बाजूला ठेवू. ज्याच्या डोक्यावरचा केस नमुना म्हणून गेला, त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या गावात येऊन निष्कर्ष सांगणे हे नमुना नेणाऱ्याचे ऋण आहे. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले आहे. माहिती घेतल्याचेही ऋण होते, हे आता त्यात मिळवायला हरकत नसावी.

महाराष्ट्राने या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' ही संस्था त्यात समन्वयक होती. गावकऱ्यांनीच उपकेंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे, हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचे. दवाखान्यात पैसे मागितले गेले, औषध बाहेरून आणायला लावले, असे बोलायला लोक तिथे उभे राहिले. मोजला जाणारा माणूस मोजणारा झाला. सप्ताहाच्या हिशेबात मागून टोकणारा जो असतो, तोच हा.

एक गोष्ट मात्र या हिशेबात सोयीने विसरली जाते. नवजात बाळाच्या भेटींचे गडचिरोलीचे ते काम २०११ पासून देशभर आशाताईंकडे आले. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या साऱ्या भेटी पूर्ण केल्यावर मोबदला ठरला २५० रुपये. सरकारच्या भाषेत ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा 'सेवा' या शब्दाची दुसरी बाजू रस्त्यावर आली. निष्काम कर्माचा उपदेश स्वतःला करायचा असतो. तो दुसऱ्याच्या पगारपत्रकावर लिहिला की शोषण होते. म्हणून कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना बाळाचे वजन विचारायचे, तसेच वजनकाटा घेऊन चालत आलेल्या बाईला तिचे पैसे केव्हा मिळाले हेही विचारले पाहिजे. तो रकाना आज कुठल्याच रजिस्टरात नाही.

फळ सोडायचे म्हणजे ते आपल्या नावावर लिहायचे नाही. पण फळ कोणाचे तरी असतेच. ते बाळंतिणीचे असते, दम लागणाऱ्या म्हाताऱ्याचे असते, चौदाव्या दिवसापर्यंत टिकलेल्या आणि बाराव्या दिवशी नाव मिळालेल्या बाळाचे असते. त्यांच्या फळाकडे डोळेझाक करण्याचा अधिकार सेवा करणाऱ्याला कोणत्याच ग्रंथाने दिलेला नाही.

ग्रामसभा वर्षातून किमान चारदा भरते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सर्वांना माहीत आहेत. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी असतो. उंद्रीने, आणि उंद्रीसारख्या प्रत्येक गावाने, येत्या ग्रामसभेत रस्ता आणि घरकुलाच्या विषयांनंतर दहा मिनिटे राखून ठेवावीत. वर्षभरात गावात किती जन्म झाले, कोण गेले आणि कशाने, आशाताईच्या किती भेटी झाल्या, तिचे किती पैसे बाकी आहेत, निधी कशावर गेला, हे सप्ताहाच्या जमाखर्चासारखे मोठ्याने वाचावे. बाळ गेलेल्या घराचे नाव घेऊ नये, आकडा सांगावा. आणि मागे बसलेल्या एखाद्या बाईने उठून आकडा चुकल्याचे सांगितले, तर तिला खाली बसवू नये.